मगरिबनंतरचा फोटो आणि बेताचे बजेट

"टीचर, पंधरा हजारांत चांगला कॅमेरा कोणता?" हा प्रश्न दरवर्षी सुट्टी जवळ आली की मला कोणी ना कोणी विचारतेच. शाळेच्या कार्यक्रमांचे फोटो मी काढते, एवढीच माझी पात्रता. मी उलट विचारते, फोटो काढणार कधी? जरा विचार केल्यावर उत्तर येते, "संध्याकाळीच की."

खरेच आहे. आपल्या घरांत सगळी माणसे एकत्र दिसतात ती दिवस कलल्यावर. मिरकरवाड्याहून माणूस घरी येतो तेव्हा ऊन गेलेले असते. आखातातून महिनाभराच्या सुट्टीवर आलेला मुलगा दिवसभर पाहुणचारात असतो आणि रात्री अंगणात सापडतो. इफ्तार, मेंदी, वलिमा, रविवारची मांडवीची फेरी, सगळे सूर्य बुडताना किंवा बुडाल्यावर. आणि स्वस्त कॅमेऱ्याची खरी परीक्षा होते ती याच वेळी. भर दुपारी कोणताही कॅमेरा चांगलाच फोटो काढतो. दुकानदार दाखवतो ते नमुन्याचे फोटोही दुपारचेच असतात.

उर्दूत मावळतीच्या लालीला 'शफक' म्हणतात आणि ती असेपर्यंत मगरिबची वेळ असते. कॅमेऱ्याची वेळ मात्र त्याहून फार लहान. रत्नागिरी साधारण 17 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून सूर्यास्तानंतर जेमतेम 20 ते 25 मिनिटे कामाचा उजेड राहतो. युरोपात उन्हाळ्यात संधिप्रकाश तासभर रेंगाळतो; तिकडच्या लोकांनी दिलेले सल्ले इकडे तसेच्या तसे लागू पडत नाहीत. नमाज आटोपून अंगणात येईपर्यंत आपल्या हातात दहा-पंधरा मिनिटेच उरतात.

दुकानात पहिला आकडा ऐकवला जातो तो मेगापिक्सेलचा. तो ऐकून सोडून द्यावा. घरात लावायच्या फोटोला 12 मेगापिक्सेलही पुष्कळ होतात. विचारायचे ते सेन्सर केवढा आहे हे. पावसात अंगणात एक वाटी आणि एक परात ठेवली तर पाच मिनिटांत कोणात जास्त पाणी साचेल? सेन्सरचे तेच आहे. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात '1/2.3 इंच' असे लिहिलेले असते. त्या सेन्सरचे क्षेत्रफळ फक्त 28 चौरस मिलिमीटर भरते. '1 इंच' म्हणतात त्याचे 116. लेन्स बदलता येणाऱ्या साध्या डीएसएलआरमधल्या एपीएस-सी सेन्सरचे 330 ते 370. म्हणजे वाटीच्या बारा-तेरा पट मोठी परात. हा फरक कोणत्याही बटणाने भरून निघत नाही.

दुसरा आकडा लेन्सवर कोरलेला असतो: एफ 1.8, एफ 3.5 असा. तो जितका लहान, तितकी लेन्सची खिडकी मोठी. एफ 3.5 पेक्षा एफ 1.8 मधून जवळजवळ चौपट उजेड आत येतो. याचा व्यवहारातला अर्थ असा: जिथे साध्या लेन्सला सेकंदाचा पंधरावा भाग शटर उघडे ठेवावे लागते, तिथे या लेन्सला साठावा भाग पुरतो. पंधराव्या भागात खजूर तोंडात टाकणाऱ्या मुलाचा हात पुसट होतो. साठाव्या भागात बहुतेक वेळा स्पष्ट येतो. 'इमेज स्टॅबिलायझेशन' आपला हात हलला तर सावरून घेते, मूल हलले तर त्याचा काही उपयोग नाही. झूम लेन्स असेल तर झूम केल्यावर हा आकडा वाढत जातो हेही ध्यानात ठेवावे. सोनीचा 2012 मध्ये आलेला आरएक्स 100 जवळच्या टोकाला एफ 1.8 आणि लांबच्या टोकाला एफ 4.9 आहे. तिन्हीसांजेला झूम करण्यापेक्षा चार पावले पुढे जावे.

फ्लॅश आहेच की, असे कोणी म्हणेल. कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश तीन-चार मीटरच्या पुढे फारसा पोहोचत नाही. माझे वडील गेले त्या वर्षीच्या इफ्तारचा एकच फोटो आमच्याकडे आहे, एका पाहुण्याने फ्लॅश मारून काढलेला. टोपी आणि कपाळ पांढरेफेक, मागे सगळा काळोख. आंब्याचे झाड, ओटा, अम्मी, काहीच दिसत नाही.

आता एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. तुमचा फोन अलीकडचा असेल आणि त्यात 'नाइट मोड' असेल, तर आधी त्यानेच आठ दिवस फोटो काढून पाहा. फोन एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकत्र जुळवतो. थिबा पॉइंटवरून दिसणारी खाडी, दिवे लागलेली जेटी अशा स्थिर दृश्यांत तो स्वस्त छोट्या कॅमेऱ्याला सहज मागे टाकतो. त्याला जड जातात ती हलणारी माणसे. तुमचे काम फोनवर भागत असेल तर ते पंधरा हजार मुलांच्या फीला ठेवा. 1/2.3 इंचाचा नवा छोटा कॅमेरा संध्याकाळसाठी घेणे म्हणजे फोनपेक्षा कमी दिसणारी वस्तू पैसे देऊन आणणे.

तरी कॅमेराच हवा असेल तर माझे मत वापरलेल्या डीएसएलआरकडे झुकते, आणि सोबत एकच, झूम नसलेली एफ 1.8 लेन्स. कॅननची 50 मिलिमीटर एफ 1.8 प्रसिद्ध आणि स्वस्त आहे, पण या सेन्सरवर ती 80 मिलिमीटरसारखी वागते. आपल्या ओट्यावर दहा माणसे बसवायची तर मागे सरकता सरकता पाठ पोफळीला लागेल. निकॉनची डीएक्स 35 मिलिमीटर एफ 1.8 घरगुती फोटोंना जास्त सोयीची. मात्र निकॉनच्या डी 3000 आणि डी 5000 मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकस फिरवणारी मोटर नसते, म्हणून लेन्सवर 'एएफ-एस' लिहिलेले असावे. 'एएफ-डी' लिहिलेली जुनी लेन्स स्वस्तात मिळते खरी, पण या कॅमेऱ्यांवर फोकस हाताने करत बसावे लागते. अंधारात ते काम सोपे नाही.

भाव सतत बदलतात म्हणून इथे देत नाही. कोकण रेल्वेने मुंबईला जाणे होतच असेल, तर फोर्टमधल्या बोरा बाजारात दोन-चार दुकाने फिरून यावे. आखातातून भाऊ आणणार असेल तर वॉरंटी भारतात चालते का, हे घेण्याआधीच त्याला विचारायला सांगा.

जुन्या मालात आपल्या किनाऱ्यावर सर्वांत मोठा शत्रू बुरशी. लेन्स हातात घेऊन एका बाजूने फोनची टॉर्च मारायची आणि दुसऱ्या बाजूने पाहायचे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त असो, परत द्यावी. शटर किती वेळा उघडले तो आकडा निकॉनच्या फोटोच्या फाईलमध्ये नोंदलेला असतो. कॅननच्या फाईलमध्ये सहसा सापडत नाही. घरी आणल्यावर कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवू नका, चामडे ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढे पुरते. पावसाळ्यात अधूनमधून बाहेर काढून वापरत राहावे. समुद्रावरून आल्यावर खारी चिकट हवा मऊ कापडाने पुसून टाकावी.

दोन गोष्टी या कॅमेऱ्याने साधणार नाहीत. एक, ईदचा चाँद. ती बारीक कोर या लेन्समधून नखाएवढीही दिसत नाही. तिला लांबचा झूम आणि तिपाई लागते. म्हणजे चाँदसाठी एक कॅमेरा आणि अंगणासाठी दुसरा. बजेट एकाचेच असेल तर मी अंगण निवडीन. दुसरी, मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर समुद्रात सोडली जाणारी ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने 2002 मध्ये तिथे हे संवर्धन सुरू केले. पिल्ले सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, आणि त्यांना उजेडाच्या दिशेने जायची सवय असल्याने तिथे फ्लॅश चालत नाही. एफ 1.8 लेन्स असेल तर फ्लॅशची गरज कमी पडते, पण दोरीच्या मागे उभे राहून पिल्लू फोटोत लहानच येणार.

घरच्या फोटोंसाठी तयारी अजानच्या आधी करून ठेवा. आयएसओ ऑटोवर ठेवून कमाल मर्यादा 3200 करा, थोडे दाणे दिसतील पण चेहरे स्पष्ट येतील. शटर 1/60 च्या खाली जाऊ देऊ नका, मुले धावत असतील तर 1/125. एफ 1.8 वर पुढचा चेहरा स्पष्ट आणि मागची रांग पुसट येते, म्हणून अनेक जण असतील तर आकडा 2.8 करा आणि सगळ्यांना एकाच रांगेत बसवा. ज्या खालाला फोटोत यायचे नसेल तिला आधीच विचारून घ्या, नंतर कापाकापी नको. आणि चेहरे पश्चिमेकडे करून बसवा, उरलेला उजेड तिकडूनच येत असतो.