हातकागद व कापडकाम (छंद)

चिंध्या, जुनी वस्त्रे, रद्दी कागद यांसारख्या साध्या साहित्यापासून हाताने कागद तयार करणे, तो दुमडून, कातरून वा चिकटवून वस्तू बनविणे, तसेच कापडाचे तुकडे जोडून व त्यांवर टाके घालून उपयुक्त किंवा शोभिवंत वस्तू निर्माण करणे, या कृतींचा उपजीविकेसाठी नव्हे, तर निर्मितीच्या आनंदासाठी जोपासलेला छंद. कागदकाम आणि कापडकाम हे सामान्यतः दोन स्वतंत्र छंद मानले जातात; तथापि सुती कापड व कागद या दोहोंचे मूलद्रव्य सेल्युलोज हेच आहे. लुगडे जीर्ण झाले, की त्याची गोधडी होते आणि गोधडीच्याही चिंध्या झाल्या, म्हणजे त्यांपासून कागद होऊ शकतो. टाकाऊ वस्तूला पुन्हा पुन्हा उपयोगी आणणारी ही साखळी या छंदाचा गाभा होय.

पूर्वपीठिका : चीनमध्ये इ. स. १०५ च्या सुमारास त्साय लुन याने झाडाची साल, चिंध्या व मासेमारीची जुनी जाळी यांपासून कागद बनविण्याची कृती राजदरबारात सादर केली, अशी परंपरा आहे. त्यापूर्वीच्या कागदाचे नमुनेही तेथे सापडले आहेत. यूरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागद मुख्यतः तागाच्या व सुती चिंध्यांपासूनच होई. लाकडाचा लगदा वापरात आल्यानंतर कागद विपुल व स्वस्त झाला. परंतु चिंध्यांच्या कागदाचा टिकाऊपणा त्यास आला नाही. महाराष्ट्रात जुन्नर आणि दौलताबाद-खुल्दाबाद परिसरातील कागजीपुरा ही हातकागदाची जुनी केंद्रे होत. तेथे हे काम पिढीजात कारागिरांच्या हाती होते. गिरणीच्या कागदापुढे त्यांचा धंदा खालावला. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने वर्धा येथे या उद्योगाच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न केले. पुणे येथील हातकागद संस्था १९४० मध्ये स्थापन झाली. [⟶ कागद].

छंद म्हणून या कलांचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. इंग्लंडमधील मेरी डिलेनी (१७००–८८) हिने वयाच्या बहात्तराव्या वर्षाच्या सुमारास रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या कागदावर चिकटवून वनस्पतींची चित्रे करण्यास आरंभ केला. दृष्टी मंदावेपर्यंत, म्हणजे सु. दहा वर्षांत, तिने अशी जवळजवळ एक हजार चित्रे केली. ती ब्रिटिश म्युझियममध्ये जतन केलेली आहेत. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रबेल (१७८२–१८५२) याने बालोद्यान पद्धतीत कागदाच्या घड्या घालण्याला शैक्षणिक स्थान दिले. त्यापासून स्फूर्ती घेऊन टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारा इंग्रजी ग्रंथ १८९३ मध्ये मद्रास येथे प्रसिद्ध केला. जपानमध्ये आकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी ओरिगामीस स्वतंत्र कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली. [⟶ ओरिगामी].

कागद तयार करण्याची कृती : घरगुती प्रमाणावर कागद करण्यासाठी लाकडी चौकटीवर ताणून बसविलेली बारीक जाळी (साचा), तिच्यावर ठेवावयाची तेवढ्याच मापाची रिकामी चौकट, एक पसरट टब, जुन्या सुती कापडाचे तुकडे आणि दोन सपाट फळ्या एवढे साहित्य पुरते. रद्दी कागदाचे लहान तुकडे रात्रभर पाण्यात भिजवून ते भरपूर पाण्यासह मिक्सरमध्ये फिरवितात. चिंध्यांच्या बाबतीत मात्र ही युक्ती चालत नाही. कापडातील तंतू लांब असून ते पात्यांभोवती गुंडाळले जातात. शिवाय कापडाचे नुसते तुकडे होऊन भागत नाही. तंतू कुटले जाऊन त्यांचा पृष्ठभाग सूक्ष्म धाग्यांनी उलगडावा लागतो. यासाठी चिंध्या चुना किंवा धुण्याचा सोडा यांच्या विद्राव्यात शिजवून, स्वच्छ धुऊन, दीर्घकाळ कुटतात. कारखान्यांत हे काम सतराव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमध्ये प्रचारात आलेल्या फिरत्या पात्यांच्या यंत्राने केले जाते.

लगदा टबातील पाण्यात मिसळल्यानंतर मिश्रणात शेकडा ९९ च्या आसपास पाणीच असते. साचा त्यात तिरपा बुडवून आडवा उचलतात आणि पाणी निथळत असताना त्याला उभ्या व आडव्या दिशेने हलका हिसका देतात. त्यामुळे तंतू सर्व दिशांनी एकमेकांत अडकतात. यंत्रावरील कागदात ते बव्हंशी एकाच दिशेने बसतात. म्हणून तो एका दिशेने सरळ आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा फाटतो. हातकागदात हा फरक फारसा जाणवत नाही. साच्यावरील थर ओल्या कापडावर उलटून, फळ्यांमध्ये दाबून वाळवितात. पाणी निघून जाताना तंतू परस्परांजवळ येतात व त्यांच्यात हायड्रोजन बंध निर्माण होतात. त्यामुळे डिंकाविनाही कागद एकसंध राहतो. लिहिताना शाई फुटू नये म्हणून त्यास पिष्टाची खळ देतात व वाळल्यावर गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने घोटतात. कडांचा अनियमित, विरळ किनारा ही हातकागदाची ठळक खूण होय.

कापडकाम : या छंदात तुकडेजोड, ठिगळकाम, कशिदा, कापडी बाहुल्या, पिशव्या इत्यादींचा अंतर्भाव होतो. महाराष्ट्रातील त्याचे सर्वांत परिचित रूप म्हणजे गोधडी किंवा वाकळ. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक अंथरून, सुरकुती न राहील अशा रीतीने ताणून, ते धावदोऱ्याने एकत्र शिवतात. टाक्यांच्या जवळजवळ ओळींमुळे थर सरकत नाहीत आणि झिजलेल्या कापडावरचा ताण सर्वत्र वाटला जातो. वारंवार धुतल्याने मऊ झालेले सुती कापड अंगास टोचत नाही. तान्ह्या मुलांच्या दुपट्यांसाठी नव्या कापडापेक्षा जुने पसंत केले जाते ते यामुळेच. बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी आणि सिंधमधील रल्ली या याच कुळातील कला होत. उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजातील स्त्रिया ‘कवंदी’ शिवताना कडेपासून मध्याकडे येतात व चारही कोपऱ्यांवर ‘फुला’ नावाची कापडाची लहान घडी बसवितात. [⟶ गोधडी].

नवशिक्याने काही गोष्टी ध्यानी घेणे इष्ट ठरते. नवे व जुने कापड एकत्र वापरावयाचे असल्यास नवे आधी धुऊन घ्यावे. अन्यथा पहिल्या धुण्यात ते आटून जोड आवळले जातात. तुकडे उभ्या-आडव्या धाग्याला धरून कापावेत. तिरप्या धाग्यावर कापलेले कापड ताणले जाऊन नक्षी बिघडते.

दोन्ही कलांचा मेळ : कागद व कापड यांचा संयोग अनेक ठिकाणी आढळतो. इंग्लंडमध्ये कागदाच्या भूमितीय आकृत्यांवर कापड दुमडून, त्यांच्या कडा हाताने शिवून तुकडेजोड करण्याची पद्धत रूढ आहे. १७१८ हे साल असलेले तेथील एक रेशमी आच्छादन याच पद्धतीने केलेले आहे. अशा जुन्या कामांत आतला कागद कधीकधी तसाच राहतो व त्यावरील मजकुरावरून कामाचा काळ ठरविण्यास मदत होते. पुस्तकबांधणीत पानांच्या जुड्या दोऱ्याने शिवून पाठीला कापड लावतात. महाराष्ट्रात दिवाळीचे आकाशकंदील आणि गणेशोत्सवातील मखर ही या छंदाची घरोघरची प्रात्यक्षिके होत. मखरासाठी वापरल्या जाणाऱ्या थर्मोकोलवर २०१८ मध्ये राज्यात बंदी आल्यानंतर कागद, पुठ्ठा व कापड यांच्या सजावटीस पुन्हा महत्त्व आले.

जतन : वर्तमानपत्री कागदात लिग्निन असल्याने तो प्रकाशात लवकर पिवळा पडतो, म्हणून टिकाऊ कामासाठी त्याचा लगदा वापरू नये. खळीतील तुरटीच्या आम्लतेमुळे कागद कालांतराने ठिसूळ होतो. लगद्यात थोडी कॅल्शियम कार्बोनेटाची पूड मिसळल्यास आम्लतेस प्रतिबंध होतो. कापडी वस्तू उन्हापासून दूर व कोरड्या जागी ठेवून त्यांच्या घड्यांच्या जागा अधूनमधून बदलाव्यात. एकाच घडीवर कापड प्रथम विरते.

महत्त्व व मर्यादा : अल्प खर्च, घरच्या घरी मिळणारे साहित्य आणि चुकलेले काम उसवून वा पुन्हा लगदा करून सुधारण्याची सोय यांमुळे हा छंद सर्व वयांच्या व्यक्तींस साध्य आहे. हस्तकौशल्य, मापाचा अंदाज व धीर यांचे शिक्षण त्यातून मिळते. परंतु ज्यांच्या कलेवर तो उभा आहे, त्या कारागिरांना व गृहिणींना ही कामे छंद म्हणून उपलब्ध नव्हती. कागदी कुटुंबांसाठी तो चरितार्थ होता आणि गोधडी ही थंडीतील गरज होती. अमेरिकेतील ॲलाबॅमा राज्याच्या जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या फाटक्या कपड्यांपासून उबेसाठी शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या, तेव्हा त्यांची गणना श्रेष्ठ कलाकृतींत झाली. महाराष्ट्रातील गोधड्या मात्र वापरातच झिजून जातात व शिवणारीचे नाव त्यांवर सहसा नसते. धंदा म्हणून मागे पडलेली कौशल्ये छंदामुळे काही अंशी टिकतात. तथापि छंद हा कारागिराच्या रोजगाराचा पर्याय ठरत नाही. टाक्यांची रीत, लगदा ओळखण्याची बोटांची जाण यांसारख्या गोष्टी पुस्तकापेक्षा जाणत्या हातांकडून अधिक नेमक्या शिकता येतात. म्हणून छंदिष्टाने घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून व हयात कारागिरांकडून त्या शिकून घेणे आणि प्रत्येक वस्तूवर करणाऱ्याचे नाव व साल नोंदविणे, हे या कलांच्या परंपरेच्या दृष्टीने अगत्याचे ठरते.