रिकामी गव्हाण

पनवेल तालुक्याच्या महसुली दप्तरात ‘तळोजे मजकूर’ आणि ‘तळोजे पाचनंद’ अशी दोन नावे नांदत असली, तरी आज ज्या वस्तीला आपण तळोजा म्हणतो, ती औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या आधाराने आणि सिडकोच्या इमारतींच्या आश्रयाने वाढलेली असल्यामुळे तिथल्या रहिवाशाला ‘तुमचं गाव कोणतं?’ असे विचारले, तर पुष्कळदा उत्तरात तळोज्याचे नाव येतच नाही. कोणी नगरकडचा, कोणी वसईचा, कोणी गोव्याचा, तर कोणी थेट केरळातला. गाव मागे टाकून आलेल्या यांपैकी ख्रिस्ती कुटुंबांना एकमेकांच्या उंबरठ्यावर आणणारे दिवस डिसेंबरात येतात. आणि नाताळ म्हणजे केवळ २५ तारखेचा सण अशी ज्यांची समजूत आहे, त्यांना या दिवसांची गोडी सांगावी, असे मला मनापासून वाटते.

नाताळाआधीच्या चौथ्या रविवारपासून ‘आगमनकाळ’ सुरू होतो आणि चर्चचे उपासनावर्षही तेव्हाच उजाडते. कॅथॉलिक देवळांत या काळात धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात, कारण ही प्रतीक्षा आत्मशोधनाची मानलेली आहे. फक्त तिसऱ्या रविवारी, प्रतीक्षा अर्ध्यावर आल्याच्या आनंदात, गुलाबी रंगाला मुभा मिळते. हिरव्या पानांच्या चक्रावर दर रविवारी एक अशा चार मेणबत्त्या पेटवण्याचा रिवाज त्या मानाने अर्वाचीन. १८३९ साली हॅम्बुर्ग येथे योहान विखर्न नावाच्या पाळकाने, ‘नाताळ कधी?’ असे रोज विचारणाऱ्या आपल्या आश्रमातील गरीब मुलांसाठी, गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, असे सांगतात. मुलांच्या अधीरतेचा इतका सुंदर बंदोबस्त दुसऱ्या कोणी केल्याचे मला ठाऊक नाही.

मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या चर्चच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतो. हाच शब्द आपण घरच्या माणसांसाठी योजतो, आणि जुन्या वळणाचा गृहस्थ तर प्रत्यक्ष पत्नीसाठीही. एरवी हे अर्थ आपापल्या जागी असतात; परंतु आगमनकाळात, जेव्हा सायंप्रार्थना आज या घरी तर उद्या त्या घरी होते, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सतरंजी अंथरून पंचवीस माणसे दाटीने बसतात, पाळीवरून थेट आलेल्या माणसासाठी दाराशी जागा राखून ठेवलेली असते आणि प्रार्थनेनंतर चहाचे पेले हातोहात फिरू लागतात, तेव्हा घरची मंडळी कुठे संपली आणि चर्चची कुठे सुरू झाली, हे सांगता येत नाही. आजोळ दूर राहिलेल्या मुलांना आजी लाभते ती येथेच.

स्वयंपाकघरात तर हे ऐक्य अधिकच दृढ होते. देशावरच्या घरी करंज्या, चकल्या, शंकरपाळे, म्हणजे दिवाळीचाच फराळ पुन्हा एकदा; गोवेकरणीकडे नेवऱ्या, दोदोल आणि कुलकुलं. कणकेची किंवा मैद्याची लहानशी गोळी काट्याच्या दात्यांवर दाबून शिंपल्यासारखी वळवावयाची असल्याने कुलकुलं एकट्या बाईचे काम नव्हेच. शेजारणी, सासवा, शाळेतून आलेली पोरे अशा साऱ्यांना ताटाभोवती बसावे लागते. केरळच्या प्राचीन सुरियानी परंपरेतील अनेक घरांत याच सुमारास पंचवीस दिवसांचा उपवास चाललेला असतो आणि मांस-मासे वर्ज्य असतात. त्या घरची बाई हाताने मदत करते, पण आपल्या वाट्याचे काही बांधून घरी नेते, ते सणाच्या दिवसासाठी.

रात्री गीतांची फेरी निघते. ढोलकी, टाळ, एखादी गिटार आणि काठीला टांगलेला कागदी तारा घेऊन मंडळी जिने चढू लागली, की इतर धर्मांचे शेजारीही दारे उघडून उभे राहतात. या गायनामागे मराठीची दीर्घ परंपरा आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत गायिली, आणि त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. पुढे १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजने रचून मराठी उपासनेला तिचा स्वतःचा सूर दिला. परदेशी चालीच्या गीतानंतर टाळाच्या ठेक्यावर भजन सुरू होते, तेव्हा जिन्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे कसे उजळतात, हे पाहण्यासारखे असते.

शेवटच्या आठवड्यात गोठा उभारावयाचा. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसाने खऱ्या बैल-गाढवांसह पहिला देखावा मांडला. तळोज्यात पुठ्ठा, गवत आणि माती यांवर काम भागते. मुले मेंढ्या कोठे ठेवाव्यात यावरून भांडतात, कोणी वडील मनुष्य दिव्याची वायर जोडून देतो, मरिया आणि योसेफ आपापल्या जागी बसतात. मधली गव्हाण मात्र रिकामीच असते. बाळ कोणातरी घरी, कपाटात, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेले असते, आणि २४ तारखेच्या मध्यरात्री मिस्सेच्या वेळी ते आणण्याचा मान यंदा कोणत्या मुलाचा, याची चर्चा त्या रिकाम्या गव्हाणीभोवती रोज नव्याने रंगत राहते.