शंभर टक्के मार्क आणि बंद पडलेलं नेटवर्क

३ फेब्रुवारी २०२६ पासून सिस्कोच्या प्रमाणपत्रांची नावं बदलली आणि क्लासवाल्यांना नवे फ्लेक्स छापायला निमित्त मिळालं. डेव्हनेट असोसिएटचं ‘सीसीएनए ऑटोमेशन’ झालं, सायबरऑप्स असोसिएटचं ‘सीसीएनए सायबरसिक्युरिटी’. निम्मा पोर्शन झालेल्यांच्या पोटात गोळा आला असेल, तर त्यांनी जरा दमानं घ्यावं. नेटवर्कचं गणित पाट्या बदलून बदलत नाही.

अभ्यासक्रम बदलतो, हे खरंच. फेब्रुवारी २०२० मध्ये मूळ सीसीएनएची मोठी साफसफाई झाली. राउटिंग प्रोटोकॉलपैकी ईआयजीआरपी गेलं, ओएसपीएफ राहिलं, सिस्कोच्या नेटवर्किंग ॲकॅडमीच्या चार कोर्सचे तीन झाले. ऑटोमेशनच्या नावाखाली पपेट, शेफ आणि ॲन्सिबल ही साधनं आत आली. ऑगस्ट २०२४ मध्ये पपेट आणि शेफ बाहेर पडले. त्यांच्या जागी टेराफॉर्म आलं, सोबत जनरेटिव्ह एआयही. त्याच्या साडेचार वर्षं आधी उद्याचं तंत्रज्ञान म्हणून घोकलेली दोन नावं अशी परस्पर निकालात निघाली. सबनेटिंग मात्र जागचं हललेलं नाही. परीक्षेची फी ३०० डॉलर, म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या वर. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. एवढे पैसे घालणाऱ्यानं मेहनत कुठं घालावी?

माझं मत विचाराल, तर पॅकेट ट्रेसरमध्ये. सिस्कोच्या डेनिस फ्रेझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेलं, स्क्रीनवर नेटवर्क उभारू देणारं हे सॉफ्टवेअर नेटवर्किंग ॲकॅडमीत खातं उघडलं की फुकट मिळतं आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. त्याची खरी श्रीमंती सिम्युलेशन मोडमध्ये आहे. इथं वेळ थांबवता येतो. पिंग मारलं की पाकीट निघतं, पण त्याआधी दुसरंच एक पाकीट सगळीकडे जाऊन विचारून येतं: हा आयपी पत्ता कुणाचा, त्याचा मॅक पत्ता सांगा. हे एआरपी. राउटरवरून पाच पिंग मारल्यावर पहिल्याच्या जागी टिंब आणि पुढं चार उद्गारचिन्हं का येतात, हे पुस्तकात पानभर वाचूनही कळत नाही, ते इथं एकेक पायरी पुढं सरकवत डोळ्यांनी दिसतं.

दुर्दैवानं मुलं हा मोड फारसा उघडत नाहीत. त्यांचं लक्ष असतं सरावाच्या फाइलमधल्या टक्केवारीवर. काम जमेल तसा आकडा वाढतो, शंभर झाला की फाइल बंद. केबल कोणती लावायची? विजेच्या चिन्हावर क्लिक करा, सॉफ्टवेअरच निवडतं. स्विचचा दिवा तीस सेकंद नारिंगी राहतो, कारण लूप होऊ नये म्हणून स्पॅनिंग ट्रीची तपासणी चालू असते. तिथं वेळ पुढं पळवायचं बटण दाबतात. म्हणजे शिकण्यासारखं जे होतं, नेमकं तेच वगळलं. पोहायला शिकताना पाणी टाळण्यासारखंच हे.

या सॉफ्टवेअरच्याही मर्यादा आहेत. त्यात राउटर-स्विच चालवणारं सिस्कोचं खरं आयओएस नसतं, त्याची नक्कल असते. जी कमांड त्यात घातलेलीच नाही, ती चालत नाही. पुढं जाणाऱ्यानं जीएनएस३ किंवा सिस्को मॉडेलिंग लॅब्जकडे वळावंच. पण त्याहून मोठी अडचण अशी, की इथली केबल उंदीर कुरतडत नाही आणि सफाई करताना कुणी स्विचचा प्लग काढत नाही. बिघाड आपण केला तरच होतो.

म्हणून तो मुद्दाम करावा. प्रात्यक्षिकात जर्नल भरून घेण्याऐवजी सरांनी मोडलेली फाइल हातात द्यावी: गेटवेचा एक आकडा चुकलेला, ट्रंकवर एक व्हीलॅन सोडायचं राहिलेलं, डीएचसीपीचे पत्ते संपलेले. पुढच्या आठवड्यात मुलांनीच एकमेकांच्या फाइल बिघडवाव्यात. बिघडवायलाही विषय समजावा लागतो. मार्क शेवटच्या टक्केवारीला देऊ नयेत. आधी काय तपासलं आणि का, त्याला द्यावेत.

नव्या नावाचं प्रमाणपत्र बायोडेटात शोभेल यात शंका नाही. पण मुलाखतीत कुणी विचारलं, ‘पिंग जात नाहीये, आधी काय बघशील?’, तर टेराफॉर्मची व्याख्या कामाला येणार नाही.