अपघाताची भरपाई : अर्जाची घाई, तडजोडीची सबुरी

ओरोस, खास प्रतिनिधी

सिंधुदुर्गातून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी झाला आणि वाहनांचा वेग वाढला. कसालला महामार्ग सोडून मालवणकडे जाणारा रस्ता मात्र अजूनही वळणावळणाचाच आहे. मे महिन्यात पर्यटकांची आणि गणपतीत चाकरमान्यांची गर्दी झाली की या दोन वेगांचा मेळ बसत नाही. जखमींना ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात आणि प्रकृती गंभीर असल्यास थेट बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हलविले जाते. प्लॅस्टर निघते, काठी घेऊन चालणे सुरू होते आणि मग घरात भरपाईचा विषय निघतो. नेमक्या याच सुमारास कोणीतरी सल्ला देतो, ‘‘कोर्टाच्या फेऱ्या कशाला मारता? मिळतात ते घ्या आणि मोकळे व्हा.’’

हा सल्ला किती महागात पडू शकतो, हे समजण्यासाठी दाव्याची वाट ठाऊक असायला हवी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ अन्वये जखमी व्यक्तीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. तो अपघात घडला तेथेच करावा, असे बंधन नाही. अर्जदार राहतो किंवा व्यवसाय करतो ते ठिकाण, अथवा प्रतिवादीचे राहण्याचे ठिकाण, असेही पर्याय आहेत. त्यामुळे ठाण्यात ट्रकखाली सापडलेल्या मालवणच्या तरुणाला ओरोसला दावा लावता येतो आणि कसालला जखमी झालेल्या चाकरमान्याला प्रत्येक तारखेसाठी कोकण रेल्वेचे तिकीट काढावे लागत नाही. महिला आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. या सोयीचा लाभ घ्यावयास हवा.

समुद्रातील अपघातांची गोष्ट वेगळी आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. अशा बोटींतील जखमींना मोटार अपघात न्यायाधिकरणाचे दार उघडे नाही. सेवेतील त्रुटीबद्दल त्यांना ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे. नोकरीवर असताना जखमी झालेल्या खलाशासाठी २०२५ पर्यंत कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ होता. तेथेही मुदत दोन वर्षांचीच होती.

रस्त्यावरील अपघाताच्या दाव्यात धीर धरणे म्हणजे अर्ज लांबवणे, असा गैरसमज आढळतो. वास्तविक अर्जाच्या बाबतीत घाईच हवी. १९९४ च्या दुरुस्तीने मुदतीची अट काढून टाकण्यात आली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याचे बंधन आले. या तरतुदीला आव्हान देण्यात आले आणि केवळ मुदत उलटल्याच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तथापि अंतरिम आदेशाच्या भरवशावर घरी बसणे शहाणपणाचे नव्हे. शिवाय भरपाईवरील व्याज अर्जाच्या तारखेपूर्वीचे मिळत नाही. उपचार चालू असतानाही अर्ज दाखल करता येतो आणि मागणीचा आकडा त्या वेळी अचूक नसला तरी बिघडत नाही. न्याय्य भरपाई मागितलेल्या रकमेहून अधिक असल्यास तीही देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग या खटल्यात स्पष्ट केले आहे.

पोलिसांवरही आता वेळेचे बंधन आहे. २०२२ च्या नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जावयास हवा. विमा कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने त्यानंतर ३० दिवसांत रकमेचा प्रस्ताव द्यावयाचा असतो. खरी परीक्षा येथून सुरू होते.

हाड जुळणे आणि माणूस पूर्ववत कामाला लागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला. वाहनचालकाचा किंवा सुताराचा डावा हात गेला, तर त्याची कमाई जवळजवळ संपूर्ण बुडू शकते. तीच इजा झालेल्या सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. प्रमाणपत्रावरील टक्केवारी आणि कमाईतील घट म्हणूनच वेगवेगळ्या मोजल्या जातात. रापण ओढणाऱ्या, होडी किनाऱ्याला ढकलणाऱ्या मच्छीमाराच्या खांद्याला वैद्यकीय कागदावर २० टक्के अपंगत्व असेल, पण त्याच्या धंद्याच्या दृष्टीने ते ६० टक्केही ठरू शकते.

यातील पैशाचा फरक उदाहरणाने पाहू. मच्छीमाराचे वय ३२ आणि मासिक उत्पन्न १५ हजार रुपये धरले, तर वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार होते. स्वयंरोजगार करणाऱ्या, चाळिशीच्या आतील व्यक्तीसाठी भावी वाढीचे ४० टक्के मिळवले की ते २ लाख ५२ हजार होते. ३१ ते ३५ या वयोगटासाठी गुणक १६ आहे. कमाईतील घट २० टक्के मानल्यास ८ लाख ६ हजार ४०० रुपये होतात आणि ६० टक्के मानल्यास २४ लाख १९ हजार २०० रुपये. उपचारांचा खर्च आणि वेदनांची भरपाई याहून वेगळी. जखम स्थिरावण्याआधी केलेल्या तडजोडीत कोणता आकडा पुढे येईल, हे सांगावयास नको.

आणखी एक खाच फार थोड्यांना ठाऊक असते. कलम १६४ अन्वये चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर इजेसाठी अडीच लाख आणि मृत्यूसाठी पाच लाख रुपये मिळतात. रोख गरज असलेल्या घराला हा मोठाच आधार वाटतो. मात्र कलम १४९ च्या प्रक्रियेनुसार ही रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील दावा संपुष्टात येतो. लोक अदालतीतील तडजोडीवरही अपील नाही. लोक अदालत वाईट, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. कागदपत्रे पूर्ण असतील आणि आकडा पटत असेल, तर तिच्यासारखी सुटका नाही. पण अपंगत्वाचे प्रमाणपत्र हाती नसताना तेथे सही करणे, हा निव्वळ जुगार आहे.

पहिल्या दिवसांतील रुग्णालयाच्या खर्चासाठी मे २०२५ पासून केंद्राची रोकडरहित उपचार योजना लागू आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, तिचा लाभ मिळतो. त्यापुढचे महिने मात्र कुटुंबालाच काढावे लागतात आणि सबुरीचा उपदेश करणाऱ्यांनी हे विसरता कामा नये. चूल विझलेल्या घरातील माणूस अडीच लाखांवर सही करतो, तेव्हा त्याला अधीर म्हणणे सोपे असते.

प्रतीक्षेचा काळ कागद जमवण्यात घालवावा. औषधाची प्रत्येक पावती, गाडीभाडे, बांबोळीहून मिळालेली घरी सोडतानाची कागदपत्रे आणि क्ष-किरण चित्रे जपून ठेवावीत. रुग्णालय परराज्यातील असल्याने हरवलेल्या कागदाची नक्कल मिळवणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. वेतनचिठ्ठी नसलेल्या मच्छीमाराने लिलावाच्या पावत्या, सोसायटीतील नोंदी आणि बँकेचे पासबुक सांभाळावे. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर साक्षीला येऊ शकत नाहीत, म्हणून अनेक तारखा वाया जातात. त्यांची साक्ष आयुक्तामार्फत नोंदवण्याचा मार्ग वर उल्लेखिलेल्या राजकुमार निकालातच सुचवलेला आहे. वकिलांना त्याची आठवण करून देण्यात संकोच नसावा.

निकालानंतर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. रक्कम एक लाखाहून कमी असल्यास ती सोय नाही. विमा कंपनीने अपील केल्यास प्रतीक्षा लांबते. सिंधुदुर्गकरांना पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाल्याने हा प्रवास आता घाटापलीकडे कोल्हापूरपर्यंतचाच उरला आहे.