सागरी युद्धखेळ : नियमसंच कसा निवडावा?

जहाजांच्या छोट्या प्रतिकृती टेबलावर मांडून खेळल्या जाणाऱ्या सागरी युद्धखेळात जहाज किती सरकेल, तोफ कुठवर मारा करील आणि लागलेल्या गोळ्याने काय निकामी होईल, हे ज्या पुस्तिकेवरून ठरते तिला नियमसंच म्हणतात. बुद्धिबळासारखे सर्वमान्य नियम या खेळाला नाहीत. ब्रिटनमध्ये फ्रेड जेन यांनी 1898 मध्ये आणि अमेरिकेत फ्लेचर प्रॅट यांनी 1940 मध्ये आपापले नियम प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर अशा पुस्तिकांची संख्या वाढतच गेली. त्यांतून निवड करताना सोपी कोणती आणि तपशीलवार कोणती हे पाहण्याआधी, खेळाडूला लढाईत कोणाच्या जागी बसून निर्णय घ्यायचे आहेत, हे ठरवणे अगत्याचे असते.

13 डिसेंबर 1939 रोजी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापुढे झालेली रिव्हर प्लेटची लढाई यासाठी उत्तम कसोटी आहे. 28 सेंटिमीटर व्यासाच्या सहा तोफा असलेल्या जर्मन ‘ग्राफ श्पे’शी ‘एक्सिटर’, ‘एजॅक्स’ आणि ‘अकिलीज’ या, तुलनेने हलक्या तोफांच्या, तीन क्रूझर तेथे भिडल्या. यांपैकी ‘अकिलीज’ पुढे 1948 मध्ये भारतीय नौदलात ‘दिल्ली’ या नावाने दाखल झाली आणि 1961 मध्ये दीवच्या मोहिमेतही उतरली, त्यामुळे भारतीय खेळाडूला ही लढाई परकी वाटण्याचे कारण नाही.

पहिली अडचण जागेची असते. 186 मीटर लांबीची ‘ग्राफ श्पे’ 1:1200 या प्रमाणात, म्हणजे मूळ आकाराच्या बाराशेव्या भागाएवढी केली, तर साडेपंधरा सेंटिमीटरची देखणी प्रतिकृती मिळते. पण त्याच प्रमाणात 18 किलोमीटरचा पल्ला 15 मीटर होतो आणि तो कोणत्याही घरगुती टेबलावर मावत नाही. म्हणून बहुतेक नियमसंच अंतराचे प्रमाण प्रतिकृतीच्या प्रमाणापेक्षा वेगळे आणि बरेच लहान ठेवतात. प्रॅट यांच्या खेळात मात्र सभागृहाची फरशीच समुद्र होत असे आणि खेळाडू नुसत्या नजरेने अंतर अजमावून नेम धरत, म्हणजे तोफखान्याचे कसब फाशांऐवजी त्यांच्या डोळ्यांवर सोपवलेले होते.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा डावातील एका फेरीच्या कालावधीचा आहे. फेरी सहा मिनिटांची धरली, तर 30 नॉट वेगाचे जहाज तेवढ्यात साडेपाच किलोमीटर पुढे जाते आणि दहा-बारा वेळा झालेल्या तोफांच्या भडिमाराचा निकाल फासे एकदाच टाकून लावावा लागतो. अशा नियमांत खेळाडू ताफ्याचा सेनापती असतो. फेरी एक-दोन मिनिटांची असेल, तर प्रत्येक गोळ्याचा कोन आणि चिलखताची जाडी तपासता येते, खेळाडू एका जहाजाचा कप्तान होतो, पण 1916 च्या जटलंडसारखी सुमारे अडीचशे जहाजांची लढाई त्याला कधीच पुरी करता येत नाही.

सेनापतीच्या भूमिकेचे मर्म रिव्हर प्लेटमध्ये स्पष्ट दिसते. ब्रिटिश कमोडोर हारवुड यांनी ‘एक्सिटर’ला एका बाजूला आणि उरलेल्या दोघींना दुसऱ्या बाजूला पाठवून शत्रूला मारा विभागणे भाग पाडले, दोन दिशांना गोळीबार करताना अचूकता घटते, हे नियमांत नसेल तर त्या निर्णयाला टेबलावर काहीच मोल उरत नाही. नुकसानीचेही तसेच आहे. ‘एक्सिटर’ जवळजवळ निकामी झाली होती आणि ‘ग्राफ श्पे’ बुडण्याच्या बेतात मुळीच नव्हती. तरी इंधन शुद्ध करणारी यंत्रणा बिघडलेली, दारूगोळा सरत आलेला आणि मायदेश दूर, अशा स्थितीत तिच्या कप्तानाने माँटेव्हिडिओ बंदर गाठले आणि 17 डिसेंबरला ती स्वतःच बुडवली. जहाजाला ठरावीक गुण देऊन प्रत्येक माऱ्यागणिक ते वजा करणारे नियम वेगवान आणि नवख्यांना सोयीचे असतात, परंतु त्यांच्या हिशेबाने ही लढाई जर्मनांनी जिंकली असे निघेल, हा त्यांचा मोठा उणेपणा आहे.

म्हणून विकत घेण्याआधी, शक्य असल्यास कोणाच्या तरी संचावर, ही लढाई दोनदा खेळून पाहावी, एकदा तिन्ही ब्रिटिश जहाजे एकत्र ठेवून आणि एकदा हारवुड यांच्याप्रमाणे विभागून. दोन्ही वेळी निकालात फरकच पडत नसेल, तर कोष्टके कितीही बारकाईने भरलेली असोत, सेनापतीच्या जागी बसू पाहणाऱ्या खेळाडूसाठी तो संच निरुपयोगी आहे.