हंगामी उत्पन्न आणि आगाऊ कराची फेरआकारणी : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात

शेती उत्पन्नावर आयकर नसल्याने जुन्नर व आंबेगाव या बागायती तालुक्यांत आगाऊ कराचा विषय सहसा दुर्लक्षित राहतो. तथापि नारायणगाव वा मंचरच्या बाजारात शेतमालाची विक्री करून देणाऱ्या अडत्याचे उत्पन्न हे व्यवसायाचे उत्पन्न होय. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये वा अधिक होत असल्यास तो १५ जूनपर्यंत १५, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ व १५ मार्चपर्यंत १०० टक्के भरावा लागतो. ही टक्केवारी एकत्रित असल्यामुळे प्रत्येक हप्त्यास अंदाज बदलता येतो. त्यासाठी कोणत्याही परवानगीची आवश्यकता नाही.

जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटला २,००० रुपयांहून अधिक भाव मिळाला; सप्टेंबरात तोच भाव कोसळला. विक्रीच्या रकमेवर अडत घेणाऱ्याने अशा वर्षी जूनमध्ये १,००,००० रुपये कर गृहीत धरून १५,००० रुपये भरले, असे मानू. जुलैनंतर अंदाज २,४०,००० वर गेल्यास सप्टेंबरपर्यंतचे ४५ टक्के म्हणजे १,०८,००० रुपये होतात. सबब दुसरा हप्ता ९३,००० रुपयांचा. भाव पडल्याने डिसेंबरात अंदाज १,६०,००० वर आला, तर ७५ टक्क्यांसाठी केवळ १२,००० रुपये पुरतात.

व्याज मात्र अखेरच्या प्रत्यक्ष करावरून ठरते. १,६०,००० रुपयांचे १५ टक्के २४,००० होत असल्याने जूनची तूट ९,००० रुपये ठरते व दरमहा १ टक्क्याने तीन महिन्यांचे व्याज २७० रुपये होते. जूनमध्ये किमान १२ टक्के, म्हणजे १९,२०० रुपये भरले असते तर हे व्याज लागले नसते. रक्कम किरकोळ आहे. पण जूनमध्ये जुलैचा भाव कोणास ठाऊक असतो? भांडवली नफा किंवा प्रथमच झालेले व्यवसायाचे उत्पन्न यांमुळे तूट आल्यास, उर्वरित हप्त्यांत कर भरल्यावर कायदा हे व्याज माफ करतो. भावाच्या उसळीस ती सवलत नाही, आणि हंगामी व्यापाराच्या दृष्टीने हा भेद समर्थनीय वाटत नाही.

छोट्या व्यापाऱ्यास अनुमानित उत्पन्नाची योजना स्वीकारून संपूर्ण आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. दलाली व कमिशनचे उत्पन्न त्या योजनेतून वगळलेले असल्याने अडत्यास मात्र चारही तारखा पाळाव्या लागतात.