बुडालेल्याला श्वास द्या, पोट दाबू नका



21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनी धरणाच्या फुगवट्यात, करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्यामध्ये प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत लहान मुलेही होती. रस्त्याने लांबचा वळसा पडतो, म्हणून गोरगरीब माणूस होडीत बसतो. कोणी मासेमारीला जातो, कोणी धुणे धुवायला काठावर असतो. म्हणून ही माहिती प्रत्येक घरात हवी.

होडीत बसण्यापूर्वी

प्रत्येकाला लाइफ जॅकेट मागा आणि ते अंगात घालून पट्टे बांधा; पायाशी ठेवलेले जॅकेट उपयोगाचे नाही. मे-जूनमध्ये दुपारनंतर वळवाचे वारे अचानक सुटते. आभाळ काळवंडले, तर होडी सोडू देऊ नका. होडी उलटली आणि ती तरंगत असेल, तर तिला धरून राहा. काठ दिसतो त्यापेक्षा दूर असतो.

कोणी बुडताना दिसले तर

लगेच पाण्यात उडी घेऊ नका. बुडणारा घाबरून मिठी मारतो आणि दोघेही जातात. ओरडून माणसे जमवा. काठी, दोरी, साडी, जे हाताशी असेल ते टाका. झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन दोरीला बांधून फेकला, तर तो धरून माणूस तरंगतो. ओढताना स्वतः काठावर आडवे पडा, म्हणजे तोल जाणार नाही.

बाहेर काढल्यावर

पोट दाबणे, उलटे टांगणे, गरगर फिरवणे, मिठात पुरणे यांपैकी कशानेही जीव वाचत नाही. बुडालेला माणूस हवेवाचून मरतो. त्याला हवा द्यायची. पोट दाबल्यास उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात.

हाक मारा, खांदे हलवा. शुद्ध नाही आणि श्वास नाही किंवा नुसते आचके येत आहेत, तर एकाने 108 ला फोन करावा. दुसऱ्याने त्याला पाठीवर निजवून हनुवटी वर उचलावी, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास द्यावेत; छाती वर उचलली पाहिजे. मग छातीच्या मधोमध तळहाताने जोरात, भरभर 30 वेळा दाबावे. पुन्हा दोन श्वास, पुन्हा 30 दाब. मदत येईपर्यंत थांबू नये. दमल्यास माणूस बदलावा. लहान मुलाला एकाच हाताने दाबावे.

श्वास चालू असेल, तर कुशीवर वळवा, ओले कपडे काढा, कोरडे पांघरूण घाला. शुद्धीवर आला, हसला-बोलला, तरी दवाखान्यात न्याच. फुफ्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.

कालाम सुत्तात तथागतांनी सांगितले की, परंपरेने चालत आले एवढ्यावरून काही खरे मानू नका. मिठाचा आणि पोट दाबण्याचा उपाय याच कसोटीवर टाकून द्यायचा आहे. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात अर्धा तास काढा, जवळच्या आरोग्य केंद्रातील परिचारिकेला बोलवा आणि उशीवर छाती दाबण्याचा सराव करा. आया-बहिणी आणि शाळकरी मुले पुढे बसू द्या. पाण्याकाठी बहुतेक वेळा तीच जवळ असतात.